चाचरणे : वाक्यात उपयोग करा

इनास,

तू गेलास त्याला आज सव्वीस दिवस झाले. येत्या रविवारी तुझी महिन्याची मिस्सा आहे, आणि चर्चच्या मासिकवाल्यांनी निरोप पाठवलाय की बाईंनी भावावर दोन पानं लिहून द्यावीत, बाईंना काय जड आहे, त्या बोलायला लागल्या की समोरच्याची पाळीच येत नाही. जन्म कधीचा, शिकला किती, मागे कोण कोण आहे, ते सगळं तेच घालणार आहेत. घालू देत बापडे. मी तुझ्याशी बोलणार आहे. त्यांना छापायचं तर छापोत, नाहीतर वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधायला कागद म्हणून वापरोत.

त्यांना माझ्याकडून आणखी एक गोष्ट हवी आहे. तुझे शेवटचे शब्द. चौकटीत, ठळक टायपात. आयने ते त्यांना तोंडी सांगितलेतच, मी फक्त माझ्या अक्षरात लिहून द्यायचे आहेत. आणि इथेच घोडं पेंड खातंय. चार दिवस झाले, कागद समोर आहे आणि ती चौकट रिकामी आहे.

मला लिना हे नाव तुझ्यामुळे पडलं. माझं खरं नाव पावलिना, पण 'प' तुझ्या ओठांवर येऊन बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. तू सहा वर्षांचा असशील, मी दोन. तू सरळ नावाचा पुढचा भाग तोडून टाकलास. आधी आय लिना म्हणायला लागली, मग आळी, मग शाळा. हजेरीपट सोडला तर पावलिना आता कुठेच नाही. अडचणीतून असा रस्ता काढणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि हे तुला कधी सांगितलंही नाही. सांगायला काय झालं होतं मला? एरवी तर तोंडाला कुलूप नव्हतं.

आपल्या घरच्या बोलीत तुझ्या बोलण्याला वेगळा शब्द नव्हता. 'इनास अडकतो' एवढंच म्हणायचे, जसा विहिरीवरचा रहाट अडकायचा. शाळेत पोरांनी 'तोतरा' आणला. एक मास्तर होते, ते वर्गात उभं करून म्हणायचे, काय रे, त-त-प-प काय करतोस, पाठ केलं नाहीस वाटतं. तुला सगळं पाठ असायचं. मी पाठीमागून त्या मास्तरांना काय काय म्हणायचे ते मासिकात लिहिण्यासारखं नाही. आय म्हणायची, इनासच्या वाट्याची जीभही हिलाच मिळाली. खरं होतं ते. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव. दुकानात तू 'ग' वर थांबलास की मी 'अर्धा किलो गूळ' म्हणून मोकळी व्हायचे. एकदा तुला गहू हवे होते. तू दुकानदाराकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि मुकाट्याने गूळ घेऊन घरी आलास. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा तुला आयची बोलणी सोपी वाटली. वाटेत आपण दोघांनी त्यातला खडा खाल्ला, आणि मला वाटलं, झालं, मिटलं.

ही खोड माझी एकटीची नव्हती. तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यासाठी सांगते. मे महिन्यात आपल्या आळीतल्या क्रुसाजवळ रोज संध्याकाळी रोजरी असते. एकेका दिवशी एकेका घराची पाळी. ज्या घराची पाळी त्यातल्या एकाने 'नमो मारिया' सुरू करायचं, अर्धी प्रार्थना एकट्याने म्हणायची आणि उरलेली अर्धी सगळ्या आळीने एका सुरात पुरी करायची. एका माळेत पन्नासच्या वर वेळा. म्हणजे धड चालता येत नाही तेव्हापासून आपण दुसऱ्याने सुरू केलेलं पुरं करायला शिकतो. समोरचा जरा थांबला की आपलं तोंड आपोआप उघडतं. निर्मळ गावापासून गासपर्यंत कुठल्याही घरात जा, माणूस अर्धं बोलतो आणि घर अर्धं बोलतं. आपल्याला वाटतं ही माया आहे. असतेही.

आपल्या घराची पाळी आली की बाबा तुला वगळून मला पुढे करायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. तू माझ्या मागे उभा राहून सगळ्यांबरोबर दुसरी अर्धी म्हणायचास. तिथे तू कधी अडकला नाहीस. चारचौघांच्या आवाजात आवाज मिसळला की तुझी जीभ मोकळी व्हायची, आणि गाताना तर विचारूच नये. सणाच्या मिस्सेला कॉयरमध्ये तू एकटा गायला लागलास की बायका मागे वळून बघायच्या, हाच का तो अडकणारा म्हणून.

त्या गाण्यामुळेच फादर घरी आले. एकाहत्तर सालचा मे. तू अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होतास, मी सातवीत जाणार होते. फादर ओट्यावर बसले, आयने चहा आणि सुकेळी ठेवली, आणि त्यांनी फार वेळ न लावता बाबांना विचारलं की इनासला धर्मगुरू व्हायला सेमिनरीत पाठवाल का, मुलगा योग्य आहे, मी दोन वर्षं बघतोय. आयच्या हातातली बशी वाजली. एकुलता एक मुलगा. बाबा हसत म्हणाले, पोरालाच विचारा, पण हा प्रवचन कसं करणार, लोक घरी जाऊन जेवून परत येतील. फादर हसले नाहीत. म्हणाले, ती काळजी माझी. मग ते तुझ्याकडे वळले.

"इनास, तुझ्या मनात काय आहे ते सांग. मला घाई नाही."

त्यांना खरंच घाई नव्हती. कप खाली ठेवून हात मांडीवर घेऊन ते बसले होते. तू उभा राहिलास. "फादर, म... म..." तुझी मान ताणली, डावा डोळा मिटला. तुला काहीतरी मोठं बोलायचं होतं, ते मला दिसत होतं. तुझं 'हो' असेल असं मला वाटलं. तू गेलास तर घरात कोण? दिवसभर माझी बडबड ऐकणारा, मध्येच फक्त भुवई वर करून हसणारा दुसरा कुणी नव्हता. मी बारा वर्षांची होते, पण मला सगळं कळत होतं, उगाच लहान होते म्हणून सुटायला बघत नाही. मी म्हणाले, "तो नाही यायचा, फादर. त्याला वाडी सोडवत नाही."

सगळे हसले. फादरही हसले, म्हणाले, हिला वकीलपत्र दिलंयस वाटतं. मग त्यांनी पुन्हा तुला विचारलं, असं आहे का, इनास? तू माझ्याकडे पाहिलंस. मग आयकडे. आणि होकारार्थी मान हलवलीस.

संध्याकाळी जेवताना आयने माझ्या पानात अख्खं अंडं वाढलं. आपल्याकडची अंडी बाजारात जायची, घरात ती फक्त आजाऱ्याला. "बरं बोललीस," एवढंच ती हळूच म्हणाली. तुझ्या पानात अंडं नव्हतं. मी ते सगळं खाल्लं.

पुढची सतरा वर्षं मी त्या मान हलवण्यावर काढली. मनातल्या मनात तुझ्याशी भांडायचे तेव्हा तो माझा हुकमाचा पत्ता असायचा. मान हलवलीस ना? मग? जायचं असतं तर नाही म्हणाला असतास, तुझं तोंड काय मी शिवलं होतं? पण गुळाचं मला माहीत होतं, इनास. एकदा कुणी तुझ्यासाठी बोलून टाकलं की तू ते घेऊन मुकाट घरी येतोस, हे जगात कुणाला माहीत असेल तर ते मला. म्हणून तो पत्ता मी कधी तुझ्यासमोर टाकला नाही. विचारलं तर तू उत्तर देशील याची मला भीती होती.

आणि तू दुःखी दिसायचास का? नाही, तीच तर पंचाईत. तू पानवेली बांधायचास, गाणी गुणगुणत, केळीचे घड सायकलला दोन्ही बाजूंनी लावून बाजारात जायचास. तुला 'क' नडायचा, आणि धंदा केळ्यांचा. तर तू 'केळी' हा शब्दच टाकून दिलास. 'राजेळी घ्या', 'फणी घ्या', 'पिकलेत बघा'. गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. लग्नात वचन देताना काय होणार म्हणून आयला आठ दिवस झोप नव्हती. त्या वेळी नवीन फादर आले होते, तरुण होते, त्यांनी काही न सांगता सवरता एकेक ओळ तुझ्याबरोबर, तुझ्याच पट्टीत म्हटली आणि तू कुठेही न अडकता वचन देऊन मोकळा झालास. वहिनी रडली. मीही रडले, पण माझं कारण निराळं होतं. हे इतकं सोपं होतं तर, असं माझ्या मनात आलं. इतकं सोपं.

विरारहून तो दलाल आला होता, आठवतं? स्कूटरवरून, गॉगल लावून. तिकडे इमारती उठत होत्या, त्याला आपली वाडी हवी होती. तो म्हणाला, दादा, फक्त हो की नाही तेवढं सांगा. तू 'क... क...' सुरू केलंस. तो थांबला. तू पुन्हा 'क'. त्याने घड्याळ बघितलं, पाणी प्यायला, माझ्याकडे आशेने पाहिलं. पहिल्यांदाच मी मूग गिळून बसले होते, कारण तुझ्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं होतं. वीस मिनिटांनी तो 'पुन्हा येतो' म्हणून उठला. तो गेल्यावर तू एका दमात म्हणालास, "लिना, बाराच मिनिटं खरी होती, बाकीची मी वाढवली." हसून हसून आपल्या पोटात दुखलं. देव साक्षी आहे, तुझ्याइतका मिस्कील माणूस या पंचक्रोशीत नव्हता, आणि लोक तुला गरीब बिचारा म्हणत राहिले.

बाबा गेल्यावरच्या मे महिन्यात मात्र तू हसला नव्हतास. घराची पाळी आली आणि तू म्हणालास की या वर्षी रोजरी मी घालीन, घरातला पुरुष मी. मी म्हणाले, बरं. क्रुसाजवळ आळी जमली. तू सुरुवात केलीस, तिसऱ्या शब्दावर थांबलास, आणि आळीने वाट न बघता दुसरी अर्धी उचलली. दुसऱ्या मण्याला तेच. दहाव्याला तेच. शेवटी शेवटी तू नुसता 'न' म्हणायचास आणि सगळे मिळून पुढचं ओढून न्यायचे. पन्नास वेळा. संपल्यावर सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली, छान झाली म्हणाले, इनास, घाबरलास नाहीस हो. घरी येऊन तू ओट्यावर बसलास आणि मी पाणी आणून दिलं. तू म्हणालास, "सगळे चांगले आहेत गं. प... पण थांबत कुणीच नाही." तेव्हा बोलायची संधी होती. मी म्हणाले, पाणी पी.

आणि मग ते वह्यांचं भांडण. ते आपलं अजून मिटलेलं नाही, म्हणून त्याचा निकाल लावल्याशिवाय तुला सोडणार नाही. मी गासच्या शाळेत लागले होते, पाचवीच्या वह्या तपासायला घरी आणायचे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. त्या दिवशी क्रियापद होतं 'चाचरणे'. मी फळ्यावर अर्थ लिहून दिला होता: भीतीने बोलणे थांबणे. चाळीसपैकी तीस मुलांनी वाक्य केलं होतं, 'गुरुजींना पाहून चोर चाचरला.' चोर गुरुजींना कशाला घाबरेल ते देव जाणे. तू शेजारी बसून एक वही उघडलीस, वाचलीस आणि माझ्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतलीस.

"अ... अर्थ चुकलाय."

मी म्हणाले, शब्दकोशात बघून लिहिलाय. तू म्हणालास, कोश लिहिणारा कधी च... आणि मी म्हटलं, चाचरला नसेल. तू हात वर करून मला गप्प केलंस. तुला ते म्हणायचंच नव्हतं. तुला म्हणायचं होतं की कोश लिहिणारा कधी चारचौघांसमोर बोलायला उभा राहिला नसेल. मग पुढचं सांगायला तुला बराच वेळ लागला, दोनदा मी चुकीचं पुरं केलं आणि दोन्ही वेळा तू परत मागे जाऊन आपल्या वाटेने आलास. तुझं म्हणणं असं, की चाचरणाऱ्याचं बोलणं थांबलेलं नसतं, ते चालू असतं. आवाज येत नाही म्हणून लोकांना वाटतं थांबलं. आणि भीती चाचरणाऱ्याला नसते, ऐकणाऱ्याला असते, त्याला ती शांतता सोसत नाही. 'तोतरा' हा शब्द तुला आवडायचा नाही, कारण तोतरा म्हटलं की माणूस जन्माचा तोतरा होऊन बसतो. चाचरणे हे करायचं काम आहे, म्हणालास, करून संपवता येतं.

मी म्हणाले, बरं, मग तूच वाक्यात उपयोग कर. तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि चाचरत चाचरतच वाक्य सांगितलंस, "तो च... चाचरला आणि लोक थ... थांबले."

मी म्हणाले असं वाक्य होत नाही. असं कुठे घडतं का? तू म्हणालास, व्याकरणात बसतं. मी म्हणाले, व्याकरणात बसून काय उपयोग, मुलं म्हणतील बाई काहीही सांगतात. आपण जेवायची वेळ होईपर्यंत भांडलो. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचा अर्थ पुसून तुझा लिहिला, थांबत थांबत बोलत राहणे, पण तुझं वाक्य काही लिहिलं नाही. ते मला अजून चुकीचं वाटतं, इनास. निदान माझ्याकडून तरी ते कधी घडलेलं नव्हतं.

मग तुला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग डॉक्टर, मग मोठं हॉस्पिटल, आणि पाचव्या आठवड्यात त्यांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. त्या दुपारी मी शाळेतून थेट तुझ्याकडे आले. वहिनी विहिरीवर गेली होती, आय तुझ्या पायाशी माळ घेऊन बसली होती. मी ठरवून आले नव्हते. तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि तोंडातून निघून गेलं.

"इनास, त्या दिवशी फादरना तू काय सांगणार होतास?"

कुठला दिवस ते तुला सांगावं लागलं नाही. तू इतका पटकन माझ्याकडे पाहिलंस की मला कळलं, सतरा वर्षं तो दिवस तुझ्याही उशाशी होता. तू मान हलवली नाहीस. बोलायला लागलास. मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, खरोखर ठेवला, दातांना बोटं लागेपर्यंत. "त... तेव्हा..." म्हणालास. दम खाल्लास. "म... मी..." आणि तुझे ओठ पुढच्या शब्दासाठी जुळायला लागले. मी थांबले होते. जन्मात पहिल्यांदा मी तुझ्यासाठी थांबले होते, आणि तो शब्द येत होता, अगदी येत होता.

आणि आय म्हणाली, "विसरला म्हणतो तो. तेव्हाचं मी कधीच विसरलो, लिनावर माझा राग नाही, असं म्हणतो. आता दमवू नकोस त्याला."

तू आयकडे पाहिलंस. ओठ मिटलेस. मग डोळे. दुसऱ्या दिवशी तुझी शुद्ध हरपली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही तुझ्या उशाशी मेणबत्ती लावली.

मी आयवर ओरडले नाही. काय तोंडाने ओरडणार होते? माझीच तर शिकवणी होती ती. पण ती थांबली नाही, इनास. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, शेवटपर्यंत शुद्धीवर होता, बहिणीला म्हणाला, तेव्हाचं मी कधीच विसरलो. पहिल्या दिवशी तुझं वाक्य एवढंच होतं. आठव्या दिवशी त्यात देवाचं नाव आलं. आता तू दोन्ही हात जोडतोस. बायका डोळे पुसतात आणि मला म्हणतात, नशीबवान गं बाई तू. मी काही बोलत नाही. एवढी तोंडाळ बाई, आणि मला तिथून ना पुढे जाता येतं ना मागे.

परवा मी आयला म्हणाले, तो तसं म्हणाला नव्हता, मी लिहून देणार नाही. ती फुलं ओवत होती. हात थांबले. मला वाटलं ती भांडेल.

"मलाही तो जायला नको होता," ती म्हणाली. "मग माझं काय?"

मला इतकी वर्षं वाटत होतं की ही गोष्ट माझी एकटीची आहे. आय त्या दिवशी चहाची बशी धरून उभी होती, तूही आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं होतंस, आणि ती ते विसरलेली नव्हती. माफी तिला माझ्याहून जास्त हवी होती. सत्तरीला आलेली बाई, मुलगा पुरून आलेली. तिच्या हातातून एवढं एक वाक्य काढून घेऊ का? आणि नाही काढलं तर तुझं काय? तुझ्या नावाने आणखी एक गूळ घरी आणायचा?

खोटं कशाला बोलू, ती माफी मलाही हवी आहे. तयार आहे, आयने सांगितली आहे, मी लिहिली की छापून येईल आणि छापलेलं खरं होतं. सायकलवरून गासला जाताना मी रोज तुझं वाक्य पुरं करते. तेव्हा मी जाणारच नव्हतो, वेडे. तेव्हा मी तुझा राग राग केला. तेव्हा मी रडलो, तुला दिसलं नाही. सात-आठ शेवट तयार आहेत माझ्याकडे, एकाहून एक बसणारे, आणि सगळे माझ्या आवाजात आहेत. तुझा आवाज 'मी' पर्यंतच आहे. त्याच्यापुढे मी कितीही कान लावला तरी नाही.

मला राग येतो तुझा. सतरा वर्षांत एकदा तरी मला ओट्यावर बसवून, लागू दे तासभर, सांगायचं होतंस. मी तुझ्यावर उपकार करत नव्हते, मी तुला अडवून धरलं होतं. आणि तू मला कधी हिडीसफिडीस केलं नाहीस, माझ्या प्रत्येक चुकीच्या शेवटावर भुवई वर करून हसलास. कुणी माणूस इतका चांगला असू नये. त्याने मागे राहणाऱ्याची फार गोची होते.

हे लिहिता लिहिता आज दुपारी ती चौकट मी भरली. 'इनासचे शेवटचे शब्द' असं मासिकवाल्यांनी वर लिहून ठेवलंच होतं. त्याच्याखाली मी तीन शब्द लिहायला गेले, मग लक्षात आलं की तिसरा आलाच नव्हता, दोनच आहेत. 'तेव्हा मी'. मागे बारीक अक्षरात छापणाऱ्यासाठी लिहिलं की हे एवढंच आहे, पुढे काही जोडू नये, टिंबंसुद्धा नकोत. मग कागद घेऊन आयसमोर बसले, कारण तिला न सांगता देणं मला जमणार नव्हतं. तिला म्हणाले, आय, तू लोकांना सांगतेस ते सांग, मी तुला कधी खोटी पाडणार नाही. पण माझ्या हाताने मी हे दिलंय, ऐक. आणि मी ते दोन शब्द वाचले.

आयने माळ हातात घेतली. माझ्या तोंडाकडे बघितलं. तिचे ओठ हलले, मला वाटलं ती आता पुरं करणार. तिने केलं नाही.

"आणि पुढे?" तिने विचारलं.

"एवढंच बोलला तो, आय."

ती अजून समोर बसली आहे, मी पुढचं वाचेन म्हणून.